उदबत्तीचा धूर

बाबा गेल्यावर त्यांच्या तपकिरीचा वास जाऊ नये म्हणून आईने त्यांच्या खोलीच्या खिडकीच्या फटींत कागद कोंबले. भिंतींनी ओल धरली. कुठला एक्झॉस्ट पंखा घ्यावा, ते विचारायला मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

हवा कशी खेळते ते पाहायला त्याने खोलीत उदबत्ती लावली. धूर मधोमध नुसता घुटमळत राहिला. किती दिवस इथली हवा अशीच, कुणाची तरी वाट पाहत थांबली असेल!

"काकू, पंखा कुठलाही घ्या, पण आधी खिडकी उघडा."

आईने एकेक कागद काढला. धूर हलला, वाकला, बाहेर निघाला. निरोप देताना सगळ्यांना 'या' म्हणणारी आई पहिल्यांदाच म्हणाली, "अहो, जा आता. सावकाश जा."