अण्णाला हवा असलेला तासभर काळोख

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकाला फ्लडलाइट दाखवत होतो. पोलादपुरात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. "अंगणात सुई पडली तरी दिसेल," हे माझं नेहमीचं पालुपद चालू होतं, आणि तिकडून पुतण्या म्हणाला, "काका, बाबा गेले…" फोन ठेवून मी त्या माणसाला वायर किती लागेल ते सांगत बसलो. का, ते देव जाणे! तेव्हापासून माझं बूड कुठे टेकत नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. आमची दोन घरं एकाच अंगणात, त्याचं जुनं कौलारू, माझं नवं गच्चीचं. महाडच्या एमआयडीसीत त्याने जन्मभर रात्रपाळ्या काढल्या, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही रात्री डोळ्याला डोळा लागेना. मग एक जुना कॅमेरा घेऊन माझ्या गच्चीवर आकाशाचे फोटो काढायला लागला. "घुबडा, झोप की आता," असं मी खालून ओरडायचो. त्याला एकच फोटो हवा होता. कॅमेरा हलवायचा नाही, तासभर फोटो घेत राहायचं, मग ते एकावर एक ठेवले की ध्रुवाभोवती ताऱ्यांच्या गोलाकार रेघा उमटतात. वर त्या रेघा आणि खाली आपलं जुनं कौलारू घर, एवढंच.

त्यासाठी अंगणात मिट्ट काळोख पाहिजे. आणि पावसाळा सरल्यावर पहिली स्वच्छ अमावास्या कुठली, तर लक्ष्मीपूजनाची! गेल्या दिवाळीत तो सकाळीच दुकानात आला. "अरे, एक तास दिवे बंद ठेव. कंदील पण."

"पुढच्या अमावास्येला काढ ना."

"तवा दव पडतं रे, काच धूसर होते. मग शेतात पालापाचोळा जाळून राब भाजतात, त्याचा धूर. आजचं आकाश लय साफ हाय."

"लक्ष्मीपूजनाला दुकानदाराच्या घरात अंधार? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"एक तासात लक्ष्मी काय वाट चुकणार हाय?"

दुकानात गिऱ्हाइकं हसली आणि माझं डोकं सटकलं. संध्याकाळी मी मुद्दाम दोन फ्लडलाइट जास्त लावले. होय, मुद्दाम. दुसऱ्या दिवशी त्याने फोटो दाखवला. घराच्या जागी नुसता पांढरा भडका होता. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. "पुढच्या दिवाळीला बघू," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

यंदा गणपती गेले आणि आठवड्यात अण्णा गेला.

घरात माणूस गेलं की वर्षभर आमच्याकडे सण नाही. त्यामुळे या लक्ष्मीपूजनाला कंदील नाही, पणती नाही, दोन्ही घरं काळोखात. दुकान लवकर बंद केलं, घरात बसवेना, गच्चीवर गेलो. आकाश असं लखलखत होतं की मला त्याचाच राग आला. मागून वहिनी कॅमेरा आणि तिपाई घेऊन आली. "भावजी, हे तुमच्याकडे ऱ्हाऊ दे. मला बघवत नाय."

मोबाइलच्या उजेडात गच्चीच्या लादीवर नेलपॉलिशचे तीन लाल ठिपके दिसले. तिपाईचे पाय दरवेळी तिथेच पडावेत म्हणून अण्णाने केलेले. माझीच गच्ची, पण मी ते कधी पाहिले नव्हते. तीन पाय तीन ठिपक्यांवर ठेवले. वर कॅमेरा बसवला. अंगणात मिट्ट काळोख होता.

बटण कुठलं दाबायचं, ते मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.