भुईमुगाची पात

१२ जुलै. लोणावळ्यात अंगणातलं गवत काढताना ओल्या लोखंडाचा वास आला आणि टाकव्यातलं लग्नानंतरचं पहिलं खुरपण आठवलं.

भुईमुगात दोन्ही बाजूंना बायका, मधे मी उकिडवी. आपली पात, म्हणजे वाट्याची ओळ, बांधाला लागेपर्यंत उठायची सोय नव्हती. मी डावखुरी, खुरप्याचं पातं मात्र उजव्या हातासाठी वाकवलेलं.

"उजव्या हातात धर," सासूबाई म्हणाल्या. "बाया हसत्याल."

"आत्या, उजव्यानं रोपंच कापली जातात."

"मग शीक. हितंच जलम काढायचाय."

बांध अजून लांब होता. उजव्या तळव्याला फोड येईपर्यंत खुरपलं. तेव्हा तो हुकूम वाटला. आज वाटतं, त्यांना बायकांच्या हसण्याचीच धास्ती असावी.

त्या खुरपणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी लोहाराकडे गेले होते आणि खुरप्याचं पातं उलट्या बाजूला वाकवून आणलं होतं.