जुनी सिस्टीम बंद केली त्या दुपारी

वडील गेल्यावर आई चंद्रपूरकडच्या पोंभुर्ण्याच्या घरात एकटी राहिली. पुण्याला यायला ती तयार नव्हती, आणि मी कायम घरून काम करावं याला कंपनी तयार नव्हती. शेवटी मी प्रोग्रामरची नोकरी सोडली आणि आईकडे आले. आता कंत्राटावर कामं करते. एखादी कंपनी काम देते, मी ते करून पाठवते, मग ते दुसरं देतात.

काम आवडतं. पण काही अडलं की मान अजूनही डावीकडे वळते. पुण्याच्या ऑफिसात तिथे माझी मैत्रीण बसायची. "हे बघ ना जरा," म्हटलं की ती खुर्चीसकट सरकत यायची. तेवढ्यात आणखी कुणी मागे येऊन उभं राहायचं, आणि चूक सापडेपर्यंत तिघांचेही चहा गार झालेले असायचे. इथे डावीकडे खिडकी आहे. बाहेर शेजाऱ्यांच्या धानाच्या बांध्या, कापणी होऊन मोकळ्या पडलेल्या.

मार्चमध्ये एका दुपारी त्याच मैत्रिणीचा फोन आला. "नवी चालू झाली, आज आपली जुनी सिस्टीम बंद करतोय. तू असल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलंय. व्हिडिओवर ये."

दवाखान्यांतल्या तपासण्यांच्या नोंदणीची ती सिस्टीम आम्ही दोघींनी पहिल्या ओळीपासून लिहिली होती. त्या दिवशी घरात रेंज धड नव्हती, म्हणून मी गच्चीवर धावले. आई तिथे मोहफुलं वाळत घालत होती.

"कोनाचं लगन आहे का वो?" फोनमधली गर्दी बघून तिनं विचारलं.

"नाई आई. आम्ही बनवलेलं एक काम बंद करून राह्यले."

"मंग इतके हासून काऊन राह्यले?"

मी फोन तिच्याकडे वळवला. आईनं फोनमध्ये डोकावून सगळ्यांनाच विचारलं, "जेवले का?" तिकडे एकच हशा पिकला. मग मैत्रिणीनं बटण दाबलं. पडद्यावरचा हिरवा ठिपका करडा झाला, टाळ्या वाजल्या. कुणीतरी केक कापायला घेतला आणि रेंज गेली.

मी तिथेच बसून राहिले. आई शेजारी टेकली.

"वापस जावं वाटते का तुले?"

"नोकरीत नाई," मी म्हणाले. "त्या लोकांत."

आईचा हात बराच वेळ माझ्या पाठीवर होता. त्याला मोहाचा गोडसर वास येत होता.

दुसऱ्या दिवशी, जिचं काम सध्या करते त्या कंपनीला मी विचारलं, तुमच्या सकाळच्या बैठकीत मीही बसू का? कामासाठी तशी गरज नव्हती. त्यांना नवल वाटलं असावं, पण हो म्हणाले.

आता रोज सकाळी मी त्यांचं बोलणं ऐकते. कुणाच्या मुलीला पहिला दात आलाय, कुणाची गाडी रस्त्यात बंद पडते. परवा एकानं काहीतरी गंमत सांगितली आणि मी मोठ्यानं हसले. माझा माईक बंद होता.