राहूकडच्या लग्नाच्या बारा फिल्मा

घोडनदीला एसटी स्टँडच्या मागे आमचा फोटो स्टुडिओ होता. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या भागीदाराचा. जागा माझ्या अब्बांची, कॅमेरा त्याचा. मी बाहेरची कामं करायचो. लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो. तो अंधाऱ्या खोलीत फिल्मा धुवायचा. तो मराठ्यांतला, मोठ्या भावकीतला. आम्ही शाळेपासूनचे दोस्त.

धुतलेल्या फिल्मा जपणं हे मात्र दोघांचं काम होतं. फिल्म पुरती वाळली की एकेका फोटोची सुटी कापायची, कडेनेच धरायची, बटर पेपरमध्ये घालून पाकिटात ठेवायची आणि पाकिटावर नंबर टाकायचा. ही पाकिटं पत्र्याच्या पेटीत उभी लावलेली असत. कसर लागू नये म्हणून पेटीत कडुनिंबाचा वाळका पाला, दमट हवेसाठी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. एकदा पावसाळ्यात दोन फिल्मा एकमेकींना चिकटल्या आणि एका म्हाताऱ्याचा एकुलता एक फोटो गेला. तेव्हापासून माझा भागीदार महिन्यातून एकदा सगळी पेटी उघडून पाकिटं चाळायचा.

एका सकाळी राहू गावाच्या पलीकडचे एक बागायतदार आले. सोसायटीत, पंचायतीत वजन असलेला माणूस. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "चार वर्षांमागं तुम्ही आमच्या लग्नाचं फोटू काढलं व्हतं. त्याच्या फिलमा पायजेत."

"कॉप्या काढून देतो की," मी म्हटलं.

"कॉप्या न्हाई. फिलमाच. समद्या."

आजवर गिऱ्हाईक फोटो मागायचं, मोठा करून मागायचं, रंग भरून मागायचं. फिल्म कुणी मागितली नव्हती. घरी नेऊन तिचं काय करणार? मला ते खटकलं. "बघतो," एवढंच म्हणालो आणि त्यांच्यादेखत वहीत बघून पाकिटाचा नंबर चिठ्ठीवर लिहून घेतला. ते निघाले तेव्हा माझा भागीदार आतून आला, त्यांना "रामराम आबा" म्हणाला आणि स्टँडपर्यंत पोचवायला गेला. नात्यात कुठेतरी लागत होते ते त्याच्या. परत आल्यावर तो काहीच बोलला नाही. मीही विचारलं नाही.

चार-सहा दिवसांनी एक बाई आली, सोबत तिचा भाऊ. भागीदार त्या दिवशी दौंडला गेला होता. बाईने पदर सावरत नाव-गाव सांगितलं तेव्हा ध्यानात आलं, ही त्याच लग्नातली नवरी, त्या बागायतदारांची बायको.

"भाऊ, त्यांनी दुसरी केली," ती म्हणाली. "मला घराबाहीर काढलं. आन् आता कोर्टात सांगत्यात, लगीन झालंच न्हाई, ही कामाला व्हती. माझ्याकडचा फोटू त्यांनी चुलीत घातला."

"वकील म्हंत्यात नुसता फोटू नगं," तिचा भाऊ म्हणाला. "जोडून केला म्हंतील. फिलमच पायजे."

मी पेटी उघडली. पाकीट जागेवर होतं. नंबर बरोबर, नाव बरोबर, आत बटर पेपरही होता. फिल्मा नव्हत्या.

"ताई, आठ दिवसांनी या," मी म्हणालो. तिने माझ्या तोंडाकडे एकदाच पाहिलं. तिला वाटलं असणार, हाही फितला.

पेटीची किल्ली दोघांकडेच असायची. मी घेतल्या नव्हत्या. म्हणजे उरला एकच. तो त्यांच्या भावकीतला, त्यांना पोचवायला गेलेला, आणि त्यानंतर दोनदा दौंडला जाऊन आलेला. एरवी सहा महिन्यांत न जाणारा माणूस. मी त्याला बाई आल्याचं सांगितलंच नाही. त्याच्यावर नजर ठेवू लागलो. तो जेवायला गेला की त्याचा कोट चाचपायचो, अंधाऱ्या खोलीतले डबे उघडून बघायचो. जळलेल्या फिल्मचा वास येतो का म्हणून राखेची बादलीसुद्धा हुंगली. मग पेटीला नवीन कुलूप लावलं आणि किल्ली एकट्याकडे ठेवली. ते कुलूप बघून तो नुसता हसला. त्या हसण्याने माझी खात्रीच पटली.

शुक्रवारी तो दौंडच्या एसटीत बसला. मी पुढची गाडी धरली. त्याची बहीण तिथे रेल्वेच्या चाळीत राहायची, घर मला ठाऊक होतं. दारात मला बघून तो उठून उभा राहिला.

"फिल्मा कुठं हायत?" मी एकदम विचारलं.

"तुला कशाला पायजेत?"

"कुणाला विकल्यास?"

त्याची बहीण चहा टाकायला उठली होती, ती तशीच थांबली. तो माझ्या जवळ आला. "मी? गड्या, आबा मला रस्त्यात काय म्हणालं ठावं हाय? म्हणालं, तुझा भागीदार व्हय म्हणालाय, नंबर बी लिहून घेतलाय. आन् बायकूला त्यांनी घराबाहीर काढलेलं भावकीत समद्यांना ठावं व्हतं. तवाच मी त्या हलवल्या. आन् नंतर तू गुपचूप कुलूप बदललंस. मग मी काय समजायचं?"

माझं 'बघतो' त्या माणसाने होकार करून त्याच्या कानात घातलं होतं आणि त्याने ते खरं मानलं होतं. मी त्याच्यावर संशय घेत होतो, त्याच्या आधीपासून तो माझ्यावर घेत होता.

बहिणीने कपाटातून लुगड्यांच्या घडीखालचा डबा काढला. नव्या बटर पेपरमध्ये बाराच्या बारा फिल्मा. मी एकेक उजेडाकडे धरली. सातवीत सप्तपदी होती. पुढे आबा, मागे ती, शेल्याची गाठ बांधलेली. दोघांचेही चेहरे स्वच्छ. एकही ओरखडा नाही. मी बाई आल्याचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आरं, मग मला बोलला का न्हाईस?"

"तू बोललास?"

आठ दिवसांनी बाई आली. आम्ही दोघांनी मिळून तिच्या हातात फिल्म दिली, आणि ती कशी धरायची, उन्हात का ठेवायची नाही, ते त्याने तिला दोनदा सांगितलं. पुढे कोर्टात आमच्या दोघांच्याही साक्षी झाल्या. मी फोटो काढल्याची दिली, त्याने फिल्म धुतल्याची. भावकीने त्याला वर्षभर लग्नकार्याला बोलावलं नाही. लग्न झालं होतं असं कोर्टाने मानलं आणि तिला पोटगी लागू झाली, हे तिच्या भावाने बाजाराच्या दिवशी मुद्दाम येऊन सांगितलं.

आम्ही पुढेही बरीच वर्षं एकत्र काम केलं. पण एक गोष्ट मी त्याला एकदाच विचारली. मी दौंडला गेलोच नसतो, आणि आबांनी पुन्हा गळ घातली असती, तर?

"तिलाच दिल्या असत्या की," तो फोटो पक्के करायच्या हायपोच्या पाण्यात हात बुडवून म्हणाला.

मी विश्वास ठेवला. तरी अंधाऱ्या खोलीच्या त्या लाल उजेडात मला त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, आणि दिवा लावायला मी सांगितलं नाही.