डोळे मिटून पसरलेली झोळी

त्या गुरुवारी अक्कांनी मणेरगल्लीत प्रत्येक दारासमोर झोळी पसरली. एकाही दारातून पीठ आलं नाही. निजामाचं राज्य संपून आठ दिवस झाले होते. बांगड्या भरणाऱ्या मुसलमानांची ती गल्ली; तिथले पुरुष मारले गेले होते. बायका रानात लपल्या होत्या.

लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात अक्का मठाच्या दासोहासाठी पीठ मागत. दासोह म्हणजे मठात रोज शिजणारं, कुणीही येऊन खावं असं अन्न. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, खांद्याला झोळी. झोळी पुढं केली की त्या डोळे मिटून घेत. कुणी ओंजळ घातली, कुणी चिमूट, हे त्यांना बघायचं नसे. "दिसलं की ध्यानात राहतंय, तंगी," असं त्या मला म्हणत. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच आले होते.

डोळे मिटले तरी आत कोण आहे ते त्यांना बांगड्यांच्या आवाजावरून कळे. गावातल्या बायकांच्या हातात बांगड्या भरायची ती मणेरगल्लीतली बीअम्मा. ती अक्कांची फार थट्टा करी. "ओ अक्का, आँखा खोलो. एक दिवस राख घालीन झोळीत!"

"घाल की. कपाळाला लावीन."

दोघी हसत, आणि तिचं पीठ आमच्या पिठात मिसळून मठात जाई.

त्या गुरुवारनंतर एक दिवस बीअम्मा रानातून परतली आणि दोन सुनांना घेऊन मठाच्या पंगतीत येऊन बसली. तिघींची मनगटं मोकळी होती. पंच म्हणाले, "अक्का, उठवा त्यांना." त्या पंचांत माझे सासरे होते.

अक्का आत गेल्या आणि पिठाची परात घेऊन आल्या. ती त्यांनी पंचांपुढं ठेवली. "ह्यात बीअम्माचं पीठ हाय, मागचं. तेवढं येगळं काढून दावा. मग उठवते."

परातीला कुणी हात लावला नाही. तिघी जेवल्या.

त्यानंतर घराघरांतून मूठ बंद झाली. सासूबाई मला म्हणाल्या, "त्या पंगतीला आपलं पीठ जायचं न्हाय." अक्का आमच्या दारात आल्या, झोळी पसरली, डोळे मिटले. मी आत डेऱ्यातल्या पिठात हात घालून उभी होते. मूठ भरली. बाहेर काढली नाही. बऱ्याच वेळानं "शरणार्थ" असा नमस्कार करून त्या पुढच्या दाराकडं वळल्या.

थोड्याच दिवसांत मठातली चूल विझली. बीअम्मा सुनांना घेऊन गाव सोडून गेली. कुठं, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

अक्का मात्र दर गुरुवारी मणेरगल्लीत जात राहिल्या. कुलूप नसलेल्या, कडी घातलेल्या त्या दारांपुढं झोळी पसरत आणि एक मूठ पडायला लागेल तेवढा वेळ डोळे मिटून उभ्या राहत. मी ते गच्चीवरून बघत असे. अक्कांना त्या दिवशी आपण दिसलो नाही, असं मनाला सांगत असे.

शेवटच्या आजारात मी त्यांना पाणी पाजायला गेले. डोळे न उघडताच त्यांनी माझं मनगट धरलं.

"तंगी, त्या दिशी आत तूच व्हतीस. बीअम्माच्या बांगड्या वाजल्या व्हत्या."

त्यांनी हात तेवढा धरून ठेवला.

बीअम्मानं भरलेल्या त्या बांगड्यांपैकी दोन उरल्या आहेत. त्या पेटीत आहेत. मी त्या घालत नाही.