सडकेवरचा पंचनामा

मुखेडकडच्या डोंगरातल्या एका वाडीवर मी शिक्षक आहे. तिथल्या पिठाच्या गिरणीवाल्या बाईचं नाव मला अजून माहीत नाही. जन्मभर गिरणीच्या आवाजावर बोलल्यामुळे ती देवळातही ओरडूनच बोलते. पीठ चिमटीत धरून बघते आणि मनासारखं नसलं, तर गिऱ्हाइकाला न विचारता पुन्हा दळते.

यंदा ढगफुटी झाली आणि डोंगरावरचं पाणी दगडगोटे घेऊन वाडीत घुसलं. माणसं वर सडकेलगतच्या शाळेच्या गच्चीवर चढून वाचली. घरं चिखलानं भरली, तिची गिरणीही गाडली गेली.

चौथ्या दिवशी पंचनाम्याला साहेब आले. वर सडकेवरच उभे राहून सगळ्या घरांना मिळून 'किरकोळ नुकसान' लिहू लागले. मी त्यांच्यावर छत्री धरली होती.

चिखल तुडवत गिरणीवाली वर आली आणि जीपच्या आडवी उभी राहिली.

"साहेब, खाली चला. एकेक घर बघून लिवा."

"बाई, बाजूला व्हा. वाट खराब आहे."

"त्याच वाटंनं आमी म्हातारी माणसं पाठीवर आणली. तुमाला नुसतं चालायचं हाय!"

साहेब जीपमध्ये जाऊन बसले. ती हलली नाही. हळूहळू सगळी वाडी तिच्यामागे येऊन उभी राहिली. शेवटी साहेबांनी पॅन्ट दुमडली.

मग ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, तुमी बी चला. तुमच्याच लेकरांची घरं हाईत."

मी मान खाली घालून उतरलो.

संध्याकाळपर्यंत सोळा घरांचे सोळा कागद झाले. गिरणीचा तिनं सगळ्यात शेवटी लिहायला लावला, आणि अंगठा द्यायच्या आधी माझ्याकडून अक्षर न् अक्षर वाचून घेतलं.