प्रत्येक डोक्याला नवं ब्लेड

रात्रीचं दव गोठून अंगण पांढरंफटक झालं होतं. मालिपुओनं गोवऱ्या पेटवल्या, पाणी चढवलं आणि ब्लँकेट अंगाशी आवळून ती कुडाच्या आडोशाची जागा झाडू लागली. आज सासऱ्याच्या सुतकाची डोकी भादरायची होती. लेसोथोच्या या डोंगरातली जुनी रीत अशी, की थोरल्यापासून धाकट्यापर्यंत घरच्या डोक्यांवरून एकच ब्लेड फिरतं. मालिपुओच्या मागं पाळी होती तिच्या लेकीची, लिपुओची.

नवरा खाणीतून पैसा घेऊन आला तसा एचआयव्हीही घेऊन आला, आणि गेला. ती मात्र दवाखान्याच्या गोळ्यांवर तगली, अंगानं चांगली भरली. घरात कुणाला खबर नव्हती; गोळ्यांची डबी ती मक्याच्या पिठात पुरून ठेवी. नर्सबाईंनी बजावलं होतं, ब्लेड ज्याचं त्याचं. आता बोलावं तर सासर तुटायची भीती, न बोलावं तर लेकीच्या जिवाशी खेळ.

भादरायला बसलेल्या सेखोबेमामांनी सासूबाईंचं, मातुमेलोंचं डोकं उरकलं आणि तेच ब्लेड पाण्यात बुचकळलं.

"बस गं सूनबाई. मान खाली कर."

"मामा, मला दुसरं ब्लेड घ्या," ती म्हणाली. "आणि लिपुओला तिसरं."

"का? याला काय झालंय? माझ्या आज्यानं एका वस्तऱ्यावर अख्खं गाव भादरलं."

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. तिनं सांगायला तोंड उघडलं.

"मग, जिता आहे का आजा तुझा?" सासूबाई मध्येच म्हणाल्या. कमरेची गाठ सोडून त्यांनी ब्लेडची कोरी पुडी मामांच्या मांडीवर टाकली. "दर डोक्याला नवं. म्हातारा सांगून गेलाय."

"मेल्यावर बराच बोलायला लागला की. जिवंतपणी तर तुझ्यापुढं ब्र काढत नव्हता."

जमलेल्या बायका ब्लँकेटाआड हसल्या. मामांनी कुरकुरत पुडी फोडली.

सगळं आटोपल्यावर दोघी केस गोळा करत होत्या. सासूबाई हळूच म्हणाल्या, "मक्याच्या पिठात माझाही हात जातो, पोरी. गोळ्यांची डबी लागली, ती तशीच परत पुरली मी. मग तुझे गाल भरत गेले, तसे देवाचे आभार मानत गेले."

"आई, कधी बोलला नाहीत?"

"तुझं गुपित, तू सांगायचं. आज पोरीसाठी सांगायला निघालीस, तेवढं पुरे. माझा लेक गेला, पण तू राहिलीस. नात आईविना नाही वाढली."

मालिपुओनं म्हातारीचा हात कपाळाला लावला.

"चुलीवरची मक्याची उकड खाली लागतेय बघ," सासूबाई म्हणाल्या.

ती उठली, लाकडी पळी घेतली आणि भांड्याशी उकिडवी बसून ढवळू लागली.